धुक्याची नदी

सकाळचे आठ वाजलेत. ऑक्टोबर महिना. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या, गोड वाईनसाठी प्रसिद्ध असलेल्या सोतेर्नच्या द्राक्षमळ्यांवर अजून धड उजाडलेलं नाही. वेलींच्या ओळी धुक्यात चार हातांपलीकडे दिसत नाहीत. हे धुकं आणते ती ही सिरों नदी. नकाशावर शोधावीच लागते, कारण तिची लांबी शंभर किलोमीटरसुद्धा भरत नाही.

लाँद प्रदेशाच्या रेताड, पाइनच्या जंगलातून ती येते आणि चुनखडीच्या अरुंद घळीत शिरते. इथे जरा वर बघा. आभाळ दिसतंय? दोन्ही काठांवरून बीचच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या आहेत. बीच खरं तर थंड हवेचं झाड, या सखल मुलखात त्याचं काय काम? पण हिमयुगात उत्तरेकडची बीचची रानं नाहीशी झाली, तेव्हा या घळीत ती तग धरून राहिली. इथल्या मातीत बीचचा जो कोळसा सापडला, त्यातला काही सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचा आहे. या सावलीतून वाहणारं पाणी भर उन्हाळ्यातही गारच.

बार्साक गावाजवळ हे गार पाणी गारोन नदीला मिळतं. ती रुंद, गढूळ, त्या मानाने कोमट. शरदातल्या रात्री या दोन पाण्यांच्या संगमावर धुकं धरतं आणि मळ्यांवर चढतं.

आता हा घड जवळून पाहा. अर्धे मणी सोनेरी, अर्धे जांभळट, सुरकुतलेले, वर राखेसारखी लव. ही बोट्रायटिस बुरशी. सकाळच्या ओलीत ती सालीला बारीक भोकं पाडते, दुपारच्या उन्हात त्यांतून पाणी उडून जातं, आत साखर दाटते. फ्रेंच लोक हिला खानदानी कूज म्हणतात. दिवसभर ओल राहिली, तर मात्र हीच बुरशी घड नासवते.

म्हणून तोडणी एका दमात होत नाही. कात्रीचं टोक घडात घालून पिकलेले तेवढेच मणी काढायचे, बाकीचे ठेवायचे, काही दिवसांनी पुन्हा त्याच वेलीशी यायचं. शातो दिकेम या इथल्या नामांकित वाईन-मळ्यात एका वेलीमागे जेमतेम एक ग्लास वाईन निघते. २०१२ साली तर त्यांनी ती काढलीच नाही. बाटलीवर नाव शातोचं, गावाचं. सिरोंचं कुठेच नाही.

बोर्दो-तुलूझ वेगवान रेल्वेचा आखलेला मार्ग याच खोऱ्यातून जातो. झाडं तुटली, पाणी तापलं, तर धुक्याचं काय, असं मळेवाले विचारताहेत.

साडेअकरा. धुकं विरतंय. टोपल्या पुन्हा ओळींत शिरताहेत.