तीन ओळींचा पॅच

[दृश्य: काळी टर्मिनल खिडकी, अक्षरं भराभर वर सरकत आहेत]

रात्रीचे साडेनऊ. जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडला, ‘मेक’ एवढाच शब्द टाइप केला आणि एंटर दाबलं. थोड्याच वेळात पंखा घोंघावू लागला, लॅपटॉप खालून तापला. लिब्रेऑफिस, म्हणजे ऑफिसच्या कामांसाठीचा मोफत आणि खुला प्रोग्रॅमसंच, माझ्या मशीनवर पहिल्यांदाच तयार होत होता, थेट सोर्स कोडपासून, म्हणजे प्रोग्रॅमरनी लिहिलेल्या मूळ मजकुरापासून. यालाच बिल्ड म्हणतात. साध्या लॅपटॉपवर पहिल्या बिल्डला कित्येक तास लागतात. मी झोपून गेले.

सकाळी उठल्या उठल्या आधी स्क्रीन पाहिली. बिल्ड पूर्ण झालं होतं. त्यातलं रायटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, उघडलं. दिसायला नेहमीचंच, पण आता त्यातल्या प्रत्येक बटणामागची फाइल माझ्या डिस्कवर होती आणि मला ती वाचता येत होती. तो आनंद अजून तसाच आठवतो.

[दृश्य: फोल्डरची लांबच लांब यादी]

ही यादी पाहून पहिल्यांदा छातीत धडकी भरते. एसडब्ल्यू, एससी, एसडी, व्हीसीएल... ही काय नावं आहेत? उत्तर इतिहासात आहे. १९८५ साली जर्मनीतल्या ल्यूनेबुर्ग गावात मार्को ब्योरिस या शाळकरी मुलानं स्टार डिव्हिजन नावाची कंपनी काढली. स्टाररायटर हा तिचा वर्ड प्रोसेसर. १९९९ मध्ये ती कंपनी सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनं विकत घेतली, २००० मध्ये ओपनऑफिस या नावानं कोड खुला केला. पुढे सन ही कंपनी ओरॅकल या दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि २८ सप्टेंबर २०१० रोजी या समुदायातल्या अनेकांनी वेगळी वाट धरून लिब्रेऑफिसची घोषणा केली. आता बर्लिनची द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था त्याच्या पाठीशी आहे. म्हणून एसडब्ल्यू म्हणजे स्टाररायटर, एससी म्हणजे स्टारकॅल्क, हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्रॅम. कोडमधल्या टिपाही कितीतरी वर्षं जर्मन भाषेत होत्या. त्या इंग्रजीत आणायचं काम नवख्या स्वयंसेवकांनी थोडं थोडं करत पार पाडलं. अनेकांचा पहिला पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, एका जर्मन टिपेचं भाषांतर होता!

कॉलेजात आम्हाला कोरी फाइल उघडून प्रोग्रॅम लिहायला शिकवलं. दुसऱ्यानं लिहिलेल्या लाखो ओळींमध्ये शिरायचं कसं, हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे आधी सगळं समजून घ्यावं आणि मगच हात लावावा, असं वाटत राहतं. सगळा कोड कुणालाच पाठ नसतो, इथे वीस वर्षं काम करणाऱ्यालाही नाही. त्यांना शोधता येतं, एवढंच.

[दृश्य: रायटरचा मेन्यू, मग शोधाचे निकाल]

रायटरमध्ये शब्द मोजणारी एक खिडकी आहे, वर्ड काउंट. मेन्यूत दिसणारे हेच शब्द सोर्समध्ये शोधले. त्यांच्याबरोबर ‘यूनो’नं सुरू होणारं एका कमांडचं नाव मिळालं. ते नाव शोधलं, तर त्याला जोडलेला स्लॉट, म्हणजे त्या कमांडची कोडमधली आतली ओळख, सापडला. स्लॉटचं नाव शोधलं, तर सी प्लस प्लसची ती फाइल, जिथे खिडकी प्रत्यक्ष उघडते. तीन शोध, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या मेन्यूपासून मी थेट कोडपर्यंत पोहोचले. ही युक्ती एकदा हाताला बसली की धडधड थांबते.

नवख्यांसाठी सोपी कामं बगझिलामध्ये, म्हणजे चुका आणि कामं नोंदवायच्या वेबसाइटवर, ‘ईझी हॅक’ अशी खूण करून ठेवलेली असतात. मी घेतलेलं काम हेडर फाइलींचं होतं, म्हणजे इतर अनेक फाइली ज्यांना आपल्यात ओढून घेतात त्या फाइलींचं. एकच हेडर दोनदा वाचलं जाऊ नये म्हणून पूर्वी फाइलीच्या सुरुवातीला दोन आणि शेवटी एक अशा तीन ओळी लिहीत. त्यांच्या जागी आता ‘प्रॅग्मा वन्स’ ही एकच ओळ पुरते. मी एक फाइल उघडली, तीन ओळी काढल्या, परवान्याच्या मजकुराखाली एक ओळ घातली आणि पुन्हा बिल्ड केलं. या वेळी रात्रभर थांबावं लागलं नाही. बदललेल्या फाइलीवर अवलंबून असलेलं तेवढंच नव्यानं बनतं.

पॅच स्वीकारला जाण्यासाठी एक ईमेल एकदाच पाठवावी लागते: माझे सगळे बदल मोझिला पब्लिक लायसन्स २ आणि एलजीपीएल ३ किंवा त्यापुढच्या परवान्याखाली आहेत. ती पाठवली आणि बदल गेरिटवर चढवला.

[दृश्य: गेरिटचं पान, एका बाजूला तपासणीच्या खुणा]

गेरिट म्हणजे पॅच तपासायची जागा. तिथे लिनक्स, विंडोज आणि मॅकवर बिल्ड आपोआप चालवून पाहिलं जातं, आणि मग माणूस वाचतो. माझ्या बदलाचं वर्णन लांबलचक झालं होतं. तपासणाऱ्यानं सांगितलं, पहिली ओळ आटोपशीर ठेव, कारण खाली लिही. मी ते दुरुस्त केलं, पण नवा कमिट, म्हणजे बदलाची नवी नोंद, करून. गेरिटनं तो वेगळाच बदल धरला आणि एकाचे दोन झाले.

इथे बहुतेक नवखे अडखळतात, म्हणून नीट सांगते. प्रत्येक कमिटच्या वर्णनात शेवटी चेंज-आयडी नावाची ओळ असते. दुरुस्ती करताना नवा कमिट करायचा नाही, जुनाच ‘अमेंड’ करायचा, म्हणजे त्यातच सुधारणा करायची. चेंज-आयडी तीच राहिली की गेरिटला कळतं, ही त्याच बदलाची दुसरी आवृत्ती. तपासणाऱ्यानं मला हे शांतपणे, पायरी पायरीनं लिहून दिलं. ज्याचा चेहराही मी पाहिला नाही, त्यानं माझ्या तीन ओळींसाठी आपली संध्याकाळ दिली. याचं मोल मला शब्दांत सांगता येत नाही.

दोन दिवसांनी पॅच मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडमध्ये सामील झाला.

[दृश्य: रायटरच्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘दऱ्याखोऱ्या’]

मराठी माणसाच्या नजरेला जे खुपतं, ते जर्मनीत बसलेल्या प्रोग्रॅमरला दिसणार नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून लिब्रेऑफिस अक्षरजुळणीसाठी सगळीकडे हार्फबझ हे एकच इंजिन वापरतं. त्याआधी लिनक्स, विंडोज आणि मॅकवर ही जुळणी वेगवेगळ्या इंजिनांकडे होती. ऱ्या, र्क, त्र, ज्ञ ही अक्षरं स्क्रीनवर उमटण्यामागे बरंच गणित आहे. काही चुकीचं दिसलं, तर दोन ओळींची नमुना फाइल जोडून बगझिलामध्ये नोंदवणं हाही प्रकल्पाला हातभारच. ज्यांना कोड लिहायचा नाही, त्यांच्यासाठी वेबलेट या अनुवादाच्या वेबसाइटवर मराठी अनुवादाचं काम आहे.

मी मात्र कोडकडेच परतले. माझ्या बिल्डमधल्या रायटरमध्ये ‘दऱ्याखोऱ्या’ टाइप केलं आणि डाव्या बाणाची कळ एकेकदा दाबत पाहिलं, कर्सर कुठे कुठे थांबतो. ते कोण ठरवतं, याचा शोध सुरू आहे. अक्षरांची जुळणी होते त्या फोल्डरचं नाव व्हीसीएल. आज रात्री तिथली पहिली फाइल उघडली आहे.