थायलंडचा डीटीव्ही व्हिसा आणि कंपनीचं पत्र

नमस्कार श्रोतेहो. ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी पार्कांत काम करणारे बरेच जण विचारतात, नोकरी इथलीच ठेवून काही महिने थायलंडमध्ये राहता येईल का? येईल. त्यासाठी जुलै २०२४ पासून ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ म्हणजे डीटीव्ही मिळतो. मुदत ५ वर्षं, एका प्रवेशात १८० दिवस मुक्काम. वय किमान २० आणि खात्यात ५ लाख बाट, म्हणजे साधारण तेरा-चौदा लाख रुपये. अर्ज ऑनलाइन, पण थायलंडच्या बाहेर असतानाच. आपले अर्ज मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाकडे जातात.

आता एक प्रकरण ऐका. ऐरोलीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी एक मुलगी. पासपोर्ट, फोटो, पगाराच्या स्लिपा, सगळं तयार. पैसे कमी पडले म्हणून वडिलांनी एफडी मोडून नऊ लाख तिच्या खात्यात टाकले आणि आठवड्याच्या आत तिने अर्ज भरला. स्टेटमेंटमध्ये महिनोन्‌महिने चार-पाच लाख आणि शेवटच्या पानावर एकदम चौदा! तपासणाऱ्याला शंका येणारच, की हे पैसे हिचे, का दाखवण्यापुरते आणलेले? दुसरी अडचण पत्राची. एचआरने लिहून दिलं होतं, ‘घरून काम करण्यास परवानगी आहे.’ एवढंच. देशाचं नाव नाही, कालावधी नाही. अर्ज नामंजूर झाला आणि फी गेली ती गेलीच.

मग तिने घाई केली नाही. पैसे सहा महिने खात्यातच राहू दिले. वडिलांकडून बक्षीसपत्र करून घेतलं, एफडी मोडल्याचा बँकेचा कागद जोडला. एचआरकडे मात्र खेटे घालावे लागले. कंपनीचा डेटा परदेशातून उघडायचा, तिथल्या कराचं काय, असे प्रश्न लीगलवाल्यांनी काढले आणि ते रास्तच होते. शेवटी लेटरहेडवर पत्र मिळालं. त्यात हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, पगार, सही, शिक्का आणि मुख्य वाक्य: ‘यांना अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत थायलंडमधून काम करण्याची परवानगी आहे, पगार भारतातूनच दिला जाईल.’ दुसऱ्या अर्जाला व्हिसा मिळाला.

पुन्हा सांगते, लक्षात ठेवा. पैसा खात्यात मुरलेला हवा, आणि पत्रात देशाचं नाव हवं. देशाचं नाव!

इथे एक बोलल्याशिवाय राहवत नाही. घरातल्या सगळ्या ठेवी वडिलांच्या नावावर, ही आपली सवय मोडायला हवी. कमावत्या मुलीची ठेव पहिल्या पगारापासून तिच्याच नावावर असावी, मग व्हिसा काढायचा असो वा नसो.

आता तिथे पोचल्यावरचं. तिथे पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा. मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे. विमानतळावर काउंटर सोडण्याआधी शिक्क्यावरची तारीख वाचा, १८० दिवसांची आहे ना? घरमालकाने २४ तासांत तुमची नोंद इमिग्रेशनकडे करायची असते, तिला टीएम ३० म्हणतात. ती पावती मागून घ्या, पुढच्या कामांना लागते. सलग ९० दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर पत्ता पुन्हा कळवावा लागतो. आणि थाई कंपनीचं काम या व्हिसावर करता येत नाही.

कराचं नीट ऐका. तिथे एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की तुम्ही कर-निवासी ठरता आणि तिकडे आणलेल्या परदेशी कमाईवर कर लागू शकतो. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलपासून, त्यांचं जानेवारीपासून. नोव्हेंबरात गेलात तर मुक्काम त्यांच्या दोन वर्षांत विभागला जातो. म्हणून सीएला तिकीट काढण्याआधी भेटा.

कंपनीचा मेडिक्लेम बहुधा भारतातल्याच उपचारांना चालतो, तेव्हा तिथला विमा वेगळा काढा. आणि बँकेचे ओटीपी भारतातल्या नंबरवर येतात; ते सिम रोमिंगवर चालू राहील असं रिचार्ज करूनच निघा.