फोनला नवा रंग दिला, पण आत काय बदललं?

आयफोनची सिस्टीम म्हणजे आयओएस, तिचं आयओएस ६ आणि २०१३ चं आयओएस ७ शेजारी ठेवून बघा. आयकॉनवरची चमक, सावल्या, लेदरची शिलाई, सगळं एका अपडेटमध्ये गेलं आणि सपाट, बारीक अक्षरांचा फोन हातात आला. लोकांना नवीन फोन घेतल्यासारखं वाटलं, पण अ‍ॅप उघडताना स्क्रीन झूम व्हायची त्याने काहींना चक्कर यायला लागली, मळमळायला लागलं, शेवटी ७.०.३ मध्ये ती हालचाल बंद करायची सोय द्यावी लागली. २०२५ ला आयओएस २६ मध्ये लिक्विड ग्लास नावाचं नवं रूप आलं, आरपार काच, दिसायला भारीच, पण अक्षरं नीट वाचता येत नाहीत अशी ओरड झाली आणि २६.१ मध्ये काच कमी पारदर्शक करायचा पर्याय आला.

आता २०१७ चं आयओएस १०.३ घ्या. ह्या अपडेटने फोनची अख्खी फाइल सिस्टीम, म्हणजे माहिती साठवून ठेवायची पद्धतच बदलली, जुनी एचएफएस प्लस काढून नवी एपीएफएस बसवली, तेही तुमचे फोटो, मेसेज सगळं जागच्या जागी ठेवून! दिसायला काहीच बदललं नाही, म्हणून आज ते कुणाच्या लक्षातही नाही. मला विचाराल तर हे काम कुठल्याही नवीन आयकॉनपेक्षा मोठं.

अँड्रॉइडचंही तेच. २०१४ चं लॉलीपॉप म्हटलं की मटेरियल डिझाइन हे त्याचं नवं रूप आठवतं, पण त्याच अपडेटमध्ये अ‍ॅप चालवणारा आतला भाग बदलला, डाल्विक जाऊन एआरटी आलं, म्हणजे अ‍ॅपचा कोड चालता चालता मशीनसाठी तयार करण्याऐवजी इन्स्टॉल होतानाच तयार करून ठेवायचा. त्याच्या आधी, २०१२ ला, अँड्रॉइडची स्क्रीन अडखळू नये म्हणून प्रोजेक्ट बटर आलं होतं. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या स्क्रीनवर एक चित्र (फ्रेम) काढायला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात जमलं नाही की बोट पुढे जातं आणि लिस्ट मागे अडखळते, मग वरून कितीही सुंदर थीम लावा, फोन स्लोच वाटणार.

डिझाइन नकोच असं अजिबात नाही. मोठी अक्षरं, एका हाताने पोचतील अशी बटणं, हे डिझाइनच आहे आणि ते हवंच. पण २०१८ ला अ‍ॅपलने आयओएस १२ मध्ये जुन्या फोनचा वेग वाढवण्यावर जोर दिला, पार २०१३ च्या आयफोन ५एस पर्यंत, आणि आयफोन ६ प्लसवर अ‍ॅप ४० टक्क्यांपर्यंत लवकर उघडतील असं सांगितलं, तसं एखादं वर्ष सगळ्याच कंपन्यांनी परत द्यावं असं मनापासून वाटतं.

कारण बघा ना, कित्येक अँड्रॉइड फोनवर बॅटरी वाचवायच्या नावाखाली सिस्टीम मागे चालू असलेली अ‍ॅप गुपचूप बंद करते, आणि औषधाची वेळ सांगणारं अ‍ॅप वाजतच नाही. दरवर्षी नवीन वॉलपेपर, नवीन आयकॉन येतात, आणि ती एक आठवण वेळेवर वाजावी म्हणून माणसाला सेटिंगमध्ये खोल शिरून बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करत बसावं लागतं.