आंबिल ओढ्याची वाट

पुण्यात पुराचा विषय निघाला की जुनी माणसं थेट पानशेतवर येतात. १२ जुलै १९६१. धरण फुटलं आणि मुठा पेठांमध्ये शिरली. तेव्हापासून पावसाळ्यात पुणेकरांचे कान असतात ते खडकवासल्यातून किती क्युसेक पाणी सोडलं, याकडे.

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री मात्र घात केला आंबिल ओढ्यानं.

हा ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो आणि दांडेकर पुलाखालून पुढे मुठेला मिळतो. पेशव्यांना तो चांगला ठाऊक होता. नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी भुयारी नळांनी शहरात आणलं. पर्वतीच्या पायथ्याशी ओढा वळवला, तिथे तळं केलं. आज त्या जागी सारसबाग आहे. तिथला गणपती अजूनही ‘तळ्यातला’च म्हणवतो.

त्यांनी ओढा वळवला, पण त्याला वाट दिली. आपण नुसता आवळत गेलो. काठावर सोसायट्या आल्या, पात्रालगत पार्किंग आलं, झोपड्याही आल्या. वर कात्रजकडे टेकड्या फोडून इमारती झाल्या. जे पाणी मातीत मुरायचं, ते डांबर आणि काँक्रीटवरून धावत खाली येऊ लागलं.

अशात तासा-दोन तासांत धो धो पाऊस झाला, की वाहून आलेली झाडं आणि राडारोडा पुलाच्या मोरीत अडकतो. पाणी मागे तुंबतं आणि सोसायटीच्या सीमाभिंतीला भिडतं. ती भिंत चोरांसाठी बांधलेली, पुरासाठी नव्हे! फुटली की अडलेलं सगळं पाणी एकदम पलीकडे. त्या रात्री अरण्येश्वरजवळ टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं दगावली. शहर आणि जिल्हा मिळून २०हून अधिक जीव गेले.

पुढे जून २०२१मध्ये, ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीवर महापालिकेचा जेसीबी चालला. ओढा सरळ करायचा होता. रहिवासी रस्त्यावर उतरले आणि त्याच दिवशी न्यायालयानं कारवाई थांबवली. ओढ्याकाठी घर करणं धोक्याचं, हे खरंच. पण तिथल्या बायका याच शहरात धुणीभांडी करतात. कामाच्या जवळ, परवडेल असं दुसरं घर त्यांच्यासाठी कुठे आहे, हे आधी ठरायला हवं होतं. आणि वर कात्रजला टेकडी फोडणाऱ्यांच्या दारात जेसीबी कधी जाणार?