बर्गरची फक्त पुढची बाजू

हा बघा, आत्ताच मागवलेला बर्गर. कुठून, ते विचारू नका. वरचा पाव बसलाय, चीज एका कडेला घसरलंय, काकडी तर शोधावी लागतेय. आणि हा मोबाइलवर त्याचाच फोटो. नवरदेवासारखा नटलेला!

बरेच जण म्हणतात, फोटोतला बर्गर प्लास्टिकचा असतो. तसंच काही नाही. 2012 साली मॅकडोनाल्ड्सच्या कॅनडातल्या लोकांनी असा फोटो कसा काढतात त्याचा व्हिडिओ एका ग्राहकाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून टाकला होता. दुकानात मिनिटभरात होणारा बर्गर तिथे काही तास सजवत होते. सामान दुकानातलंच. पण कांदा, काकडी सगळं पुढच्या कडेला मांडलेलं, आणि केचप चक्क सिरिंजने, थेंब थेंब. नंतर पावावरचे डाग कॉम्प्युटरवर पुसले. तुमच्या हातात येणारा बर्गर मात्र बंद खोक्यात, स्वतःच्याच वाफेत बसून येतो. पाव आकसणारच.

इथवर ठीक आहे, लग्नाच्या अल्बममध्ये आपणही असेच दिसतो. भांडण होतं ते आकारावरून.

मॅकडोनाल्ड्सचा क्वार्टर पाउंडर बर्गर घ्या. पाव पौंड, म्हणजे वजनातला पाव हं, साधारण 113 ग्रॅम. पण हे वजन कच्च्या पॅटीचं. भाजताना पाणी आणि चरबी गळते, पॅटी आटते. फोटोत अर्धकच्ची, म्हणून मोठी दिसणारी पॅटी वापरतात, अशी तक्रार मॅकडोनाल्ड्स आणि वेंडीज या दुसऱ्या बर्गरवाल्या कंपनीविरुद्ध न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली. सप्टेंबर 2023 मध्ये ती फेटाळली गेली. कबूल केल्यापेक्षा कमी मांस दिलं, हे फिर्यादींना दाखवता आलं नाही.

त्याच्या महिनाभर आधी फ्लोरिडात मात्र बर्गर किंग पूर्ण सुटली नाही. तक्रार अशी की त्यांचा व्हॉपर नावाचा बर्गर खऱ्यापेक्षा सुमारे 35 टक्के मोठा दाखवतात. टीव्हीवरच्या जाहिरातींचा मुद्दा न्यायाधीशांनी बाजूला काढला, पण दुकानातल्या मेन्यूबोर्डवरच्या चित्राचा ठेवला. मला हा फरक पटतो. ते चित्र बघत बघतच आपण पैसे काढतो ना!

आता गंमत. हा पाव उचलला. काकडी पुढे ओढली, कांदा पुढे, चीजचं टोक बाहेर. बघा कॅमेऱ्यात... आला की नाही फोटोसारखा?

थांबा, आता मागून दाखवतो. नुसता पाव आणि पॅटी.