शेऱ्याच्या पलीकडचा चेहरा

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावर कवटीची त्रिमितीय प्रतिमा हळूहळू फिरत आहे.]

पडद्यावर फिरणारी ही प्रतिमा, जबड्यांची हाडे कापून त्यांची जागा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या एका तरुणीच्या सीटी स्कॅनवरून तयार केलेली आहे. दोन्ही जबड्यांवर ठळक दिसणाऱ्या पट्ट्या म्हणजे टायटॅनियमच्या बारीक प्लेट, आणि त्यांतून हाडात गेलेले ठिपके म्हणजे स्क्रू. हाडांचे तुकडे नीट सांधले आहेत, दातांचा चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, हीही जुळली आहे आणि कागदपत्रांवर 'शस्त्रक्रिया यशस्वी' असा शेरा आहे. मात्र तिच्या हनुवटीचा मध्य थोडा डावीकडे सरकलेला आहे आणि खालच्या ओठाच्या डाव्या अर्ध्या भागाला स्पर्श धड कळत नाही. शेरा खोटा नाही, पण तो अपुरा आहे. जे त्यात लिहिले गेले नाही, तेही मोजून नोंदवण्यासारखे आहे, असे आम्हाला ठामपणे वाटते.

[दृश्य : जुन्या वैद्यकीय ग्रंथांतील रेखाचित्रे.]

जबड्याचे हाड कापून त्याची जागा बदलण्याचा प्रयत्न आजचा नाही. १८४९ मध्ये अमेरिकेतील सायमन हलिहेन यांनी, भाजल्याच्या व्रणाने ओढला जाऊन बिघडलेला एका तरुण स्त्रीचा खालचा जबडा अशा तऱ्हेने दुरुस्त केला होता. आज खालच्या जबड्यासाठी जी पद्धत जगभर वापरली जाते, ती ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी १९५७ मध्ये इंग्रजी वाचकांपुढे मांडली. या पद्धतीत काप तोंडाच्या आतून घेतला जातो, त्यामुळे गालावर व्रण राहत नाही. अक्कलदाढेच्या मागचा भाग उभा चिरून त्याचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर केले जातात, आणि ते एकमेकांवर सरकवून जबडा पुढे किंवा मागे नेला जातो. थर एकमेकांना मोठ्या पृष्ठभागावर टेकलेले राहतात, म्हणून हाड चांगले भरून येते. पूर्वी ते भरून येईपर्यंत वरचे आणि खालचे दात कित्येक आठवडे तारेने बांधून ठेवावे लागत असत. प्लेट आणि स्क्रू आल्यावर बहुतेकांची त्यातून सुटका झाली.

[दृश्य : जबड्याच्या प्रतिकृतीतील पिवळ्या रंगाने दाखवलेली नस.]

अडचण या पिवळ्या रेघेपाशी आहे. खालच्या ओठाची, हनुवटीची आणि खालच्या दातांची संवेदना वाहून नेणारी ही नस जबड्याच्या हाडातील नळीतूनच जाते, आणि जेथे हाडाचे थर वेगळे करायचे असतात तेथून तिचा मार्ग अगदी जवळ असतो. हात कितीही सराईत असला, तरी थर उलगडताना ती ताणली जाऊ शकते, दाबली जाऊ शकते, क्वचित तुटूही शकते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर लगेचचा बधिरपणा जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत, कधी वर्षभरात किंवा त्याहूनही उशिरा बरीचशी परतते, पण काहींच्या ओठाचा किंवा हनुवटीचा एखादा भाग कायमचा बधिर राहतो. वय वाढते तसा हा धोका वाढतो. नस संवेदनेची असल्यामुळे ओठ हलतो, हसू उमटते, आणि म्हणूनच समोरच्याला काहीच बिघडलेले दिसत नाही.

[दृश्य : तपासणी कक्ष. तरुणीने डोळे मिटले आहेत.]

ही तपासणी लक्ष देऊन पाहावी. डॉक्टर कापसाचा बारीक धागा हनुवटीवरून फिरवत आहेत, आणि स्पर्श जाणवला की तरुणी बोट उचलते. मग टोकदार आणि बोथट यांतला फरक विचारला जातो. त्यानंतर दोन टोकांचे मोजमापक त्वचेवर टेकवून, किती अंतरापर्यंत ती टोके दोन म्हणून वेगळी ओळखू येतात, हे मिलिमीटरमध्ये पाहिले जाते. जेथे संवेदना बदलते तेथे पेनाने रेघ ओढली जाते आणि तिचे छायाचित्र फाइलमध्ये जाते. पुढच्या भेटीत हीच रेघ पुन्हा आखली, की बधिर भाग आकसतो आहे की जागच्या जागी आहे, हे अंदाजावर सोडावे लागत नाही. या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही, थोडा निवांत वेळ लागतो. म्हणूनच ती टाळली जाणे आम्हाला अधिक खटकते.

[दृश्य : आरसा, मऊ ब्रश.]

आरशासमोर चाललेला हा व्यायाम संवेदनेच्या पुनःशिक्षणाचा आहे. ब्रश आधी चांगल्या बाजूवरून, मग बधिर बाजूवरून त्याच दिशेने फिरवायचा, आणि स्पर्श कोठून कोठे गेला हे आधी डोळ्यांनी पाहून व नंतर डोळे मिटून ओळखायचे. याने नस सांधली जात नाही. बदललेले संकेत मेंदूने नव्याने वाचायला शिकावेत, इतकाच याचा हेतू आहे. मात्र बधिरपणाऐवजी जळजळ किंवा विजेच्या झटक्यासारखी कळ असेल, तर केवळ वाट पाहत बसू नये, कारण नसेच्या वेदनेवर वेगळी औषधे असतात.

[दृश्य : चेहऱ्याची एकापाठोपाठ एक येणारी छायाचित्रे.]

चेहऱ्याच्या दोन बाजूंतला फरक मात्र शस्त्रक्रियेनंतर लगेच मोजण्यात अर्थ नाही. सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते, ती दोन्ही बाजूंनी सारख्या वेगाने उतरत नाही, आणि तिचा शेवटचा अंश जायला सहा महिने ते वर्षभर लागू शकते. त्यानंतरही फरक उरला, तर त्याची कारणे अनेक असतात. हाड जितके सरकते तितकेच वरचे मांस सरकत नाही. वरचा जबडा पुढे आणल्यावर नाकपुड्या रुंदावू शकतात. दातांची मध्यरेषा जुळवूनही हनुवटी तिरकी राहू शकते. भूल दिलेली असताना स्नायू सैल पडतात, अशा वेळी कानापुढच्या जबड्याच्या सांध्यातील हाडाचे टोक नेमक्या जागी बसले नसेल, तर रुग्ण जागा झाल्यावर चावा बदललेला आढळतो. लहान फरक इलास्टिक आणि ब्रेसेसच्या मदतीने सावरता येतो, मोठ्या फरकासाठी कधी पुन्हा शस्त्रक्रियागृहात जावे लागते.

काहींच्या बाबतीत, विशेषतः लहान आणि मागे असलेल्या जबड्याच्या तरुण स्त्रियांमध्ये, सांध्याचे हाड पुढे महिन्या-वर्षांनी झिजते, समोरचे दात एकमेकांना भेटेनासे होतात आणि हनुवटी मागे जाते. जुन्या-नव्या एक्स-रेंची तुलना केल्याखेरीज ही झीज वेळेवर लक्षात येत नाही. प्लेटभोवती जंतुसंसर्ग होणे, तोंड पुरेसे न उघडणे, उदासीने घेरणे, हेही घडते आणि त्या प्रत्येकावर उपचार आहेत.

[दृश्य : टेबलावर पसरलेली कागदपत्रे, एक्स-रे आणि साचे.]

दुसऱ्या डॉक्टरांच्या मतासाठी ही तरुणी सोबत काय घेऊन आली आहे, हे येथे दिसते : शस्त्रक्रियेपूर्वीचा आणि नंतरचा स्कॅन, दातांचे साचे, शस्त्रक्रियेचा तपशीलवार अहवाल आणि बधिर भागाची छायाचित्रे. हे कागद आपल्या हाती असणे हा तिचा हक्क आहे. 'एवढ्याशा फरकाचे काय घेऊन बसलीस' असे तिला घरातून आणि बाहेरून अनेकदा ऐकावे लागले. या टेबलावर मात्र तोच फरक मोजपट्टीने मोजला जात आहे. 'मला काय खटकते' हा प्रश्नही तिला येथे थेट विचारला गेला, आणि उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घेतले गेले.

चावा स्थिर असल्यामुळे जबडा पुन्हा कापायचा नाही, असे दोन्ही डॉक्टरांचे मत पडले. पहिल्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून पुन्हा वाट काढणे अधिक कठीण असते आणि आधीच दुखावलेल्या नसेला दुसऱ्यांदा इजा होण्याची भीती असते. फक्त हनुवटीचे टोक वेगळे करून मध्यावर आणणे शक्य आहे. त्याने ओठाचा बधिरपणा कमी होणार नाही, काही काळ तो वाढेल, आणि ही ओळ संमतिपत्रावर सही करण्याआधी तिला मोठ्याने वाचून दाखवण्यात आली.