पिशवी उघडण्याआधी

सकाळचे सहा. मंगळवेढा तालुक्यातला हा गोठा. तलवारीसारखी, खांद्यामागे गेलेली शिंगं बघा. ही पंढरपुरी म्हैस. डॉक्टर येऊन पाच मिनिटं झाली, पण पिशवी अजून बंदच आहे. दावणीपासून आठ-दहा फुटांवर ते नुसते उभे आहेत.

हे उभं राहणं म्हणजेच तपासणी. दुखणं लपवणं हा जनावराचा स्वभाव. अनोळखी माणूस एकदम अंगावर गेला की ते बिचकतं, छातीचे ठोके वाढतात. मग नळीतून ऐकलेले ठोके आजाराचे की भीतीचे, कळायचं कसं?

शेजारच्या म्हशी रवंथ करताहेत. धडधाकट म्हैस दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते. हिचा जबडा हलत नाही. आता पुढचे पाय बघा. कोपरं अंगापासून फाकलेली, पाठ कमानीसारखी वर आलेली.

"दोन दिस झालं, पान्हा चोरतीया," धार काढणाऱ्या मावशी सांगतात. "आन् वढ्याच्या उताराला पाय टाकंना."

अर्धं निदान या दोन वाक्यांत आहे. उतारावर पोटातला भार पुढे सरकतो आणि दुखऱ्या जागी दाब येतो.

डॉक्टर बाजूने, तिला दिसतील असे, बोलत बोलत जवळ जातात. खांद्यामागची कातडी मुठीत धरून दाबतात. निरोगी जनावर पाठ खाली झुकवतं. ही झुकवत नाही. ऐका, कण्हतेय.

संशय तारेचा. जनावर चारा आधी गिळतं, नीट चावतं ते नंतर रवंथात. त्यामुळे कडब्यातली तार सरळ पोटात जाते आणि जाळीदार कप्प्यात रुतते. तिथून हृदयापर्यंत मध्ये फक्त पडदा.

दुपारी शस्त्रक्रिया झाली, तार निघाली.

सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेच्या बाजारात खिलार घेणारा शेतकरी बैलाचे दात बघतो, तसं त्याला चालवूनही बघतो. ही नजर आपल्याकडे जुनी आहे. दवाखान्यात मात्र बहुतेकदा जनावर आलं की थेट खोड्यात. रांग असते, घाई असते, मान्य. पण खोड्यात अडकवलेली म्हैस चालून दाखवू शकत नाही. दोन मिनिटं तिला मोकळं उभं करा, चालवा, आणि धार काढणाऱ्या बाईला विचारा.

चौथा दिवस. तोच गोठा. म्हैस रवंथ करतेय. मावशी कासेला पाणी लावतात, चरवी गुडघ्यांत धरतात.

पहिली धार.